सरांच्या बाजूचा ब्रेक

४ मार्च

लेक फोनवर म्हणाली, "आई, तुला बोलल्याशिवाय राहवत नाही आणि बाबांना ऐकून घेतल्याशिवाय. सध्या त्यांना जरा विश्रांती दे. त्यापेक्षा लिहीत जा." म्हणून लिहायला बसले आहे. सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. कँटीनमध्ये असते तर कांद्यापासून केली असती.

तर सरळच लिहिते. सरांना रक्ताचा कॅन्सर आहे. डॉक्टर म्हणाले, सावकाश चालणारा आहे, वेळेत सापडलाय. याच्यावर आता रोज एक गोळी असते. ती नीट लागू पडली तर माणूस पुढची कितीतरी वर्षं घरी बसून बायकोशी भांडू शकतो. मी म्हटलं, "हे कधीच भांडत नाहीत, मीच भांडते." डॉक्टर हसले. मी हसले नाही, कारण मला वाक्यातला 'तर' तेवढा ऐकू आला होता.

सर म्हणजे माझा नवरा. सगळेच त्यांना सर म्हणतात, कारण तीस वर्षं त्यांनी लोकांना मोटार चालवायला शिकवलं. मीही त्यांच्याच हाताखाली शिकले. दुसऱ्याच दिवशी मी गाडी भिंतीला लावली, तेव्हा ते शांतपणे म्हणाले होते, "छान. आता जरा मागं घेऊ." अशा माणसाशी लग्न करायचं नाही तर कुणाशी करायचं?

६ मार्च

आज हॉस्पिटलच्या औषध विभागात बोलावलं होतं. मला वाटलं खिडकीतून पिशवी हातात देऊन वाटेला लावतील, तर आत खुर्च्यांवर बसवलं. समोर एक तिशीतली बाई, चष्मा केसांवर चढवलेला आणि तो शोधायला टेबलावर हात फिरवत असलेली. मी मनातल्या मनात तिचं नाव गोळ्यावाल्या बाई ठेवलं.

म्हणाल्या, "ही गोळी मोठी मानी आहे. दुसऱ्या एखाद्या औषधाशी हिचं पटलं नाही तर एक तर नको इतकी अंगात चढते, नाही तर लागूच पडत नाही. म्हणून मला सगळं सांगायचं. दुखण्यावरची गोळी, झोपेची, कुणी शेजाऱ्यानं दिलेला झाडपाला, काहीही. ग्रेपफ्रूट नावाचं कडवट फळ असतं ना, तेसुद्धा चालत नाही."

मी रक्तदाबाच्या गोळीचं सांगितलं. ती चालते म्हणाल्या. मग सरांकडे वळून त्यांनी विचारलं, "आणि अ‍ॅसिडिटीसाठी काही? दुकानात मिळतात त्या चघळायच्या गोळ्या, बाटलीतलं पांढरं औषध?"

सरांनी तोंड उघडलं होतं, पण मला हसूच आलं. म्हटलं, "बाई, मी वीस वर्षं कचेरीचं कँटीन चालवलंय. दोनशे माणसं जेवायची. माझ्या हातचं खाऊन कुणाची तक्रार आली नाही, मग घरच्या माणसाची कुठून येणार?"

"सर?" बाईंनी पुन्हा विचारलं.

"ही म्हणते तसंच," सर म्हणाले.

येताना गाडी मीच चालवली. आजारी माणसानं कशाला चालवायची? आमची गाडी म्हणजे सरांची शिकवण्याचीच जुनी गाडी, शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असलेली. सर निवृत्त झाले तेव्हा मी म्हटलं होतं, हा काढून टाका. "राहू दे, पायाला सवय आहे," म्हणाले. उलट त्यालाही नवीन रबर बसवून घेतलं. मी माझी स्तुती करत नाही, पण माझा ब्रेक फार सुरेख लागतो. कधीकधी तर माझा विचार पुरा व्हायच्या आत गाडी थांबलेली असते. हाताला चव असते तशी पायालाही असावी.

१२ मार्च

घडी बसली. सकाळी नाश्ता, नाश्त्यावर गोळी, आणि गोळी गिळेपर्यंत मी समोर उभी. सर म्हणतात, "अगं, मी काय शाळकरी पोर आहे का?" मी म्हणते, "जीभ वर करून दाखवा."

कॅन्सरमुळे तोंडाची चव जाते असं ऐकलं आहे, म्हणून मी मसाल्याचा हात सैल सोडला आहे. सकाळची अंडी मिरची-लसणात परतते, वरून मिरी. जिभेला कळलं पाहिजे की जेवण आलंय. सर सगळं संपवतात. "कसं झालंय?" विचारलं की "छान." दुसरा शब्द नाही. मग लगेच उठून गाडी पुसायला जातात. या वयात नि या आजारात इतकी हौस! गाडी आरशासारखी लखलखते आहे.

२१ मार्च

नणंदबाई येऊन गेल्या. सोबत कुठल्याशा मुळीची पावडर, चांगली डबाभर. "याच्यानं रक्त शुद्ध होतं, माझ्या शेजारणीचा दीर उठून बसला." मी विचारलं, काय झालं होतं दिराला? तर मूळव्याध. मी डबा तिथल्या तिथे मोरीत रिकामा केला. गोळ्यावाल्या बाईंनी झाडपाल्याला सक्त मनाई केली आहे, हे चारदा सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू आमच्या भावाला कैदेत ठेवलंयस." मी म्हटलं, "हो, ठेवलंय, आणि भेटायला येणाऱ्यांची झडतीही घेते."

सर म्हणाले, "दोघींचंही बरोबर आहे." या माणसाला न्यायाधीश केलं असतं तर सगळेच आरोपी घरी गेले असते.

३० मार्च

हल्ली सरांच्या तोंडाला पेपरमिंटचा वास येतो. मला आधी वाटलं, लपून सिगारेट तर ओढत नाहीत ना? सरळ विचारलं. म्हणाले, "गोळीनं तोंड कडू होतं गं." मी बिचारी दुकानातून पेपरमिंटचा पुडा घेऊन आले. तो तसाच पडून आहे. बहुतेक त्यांना दुसऱ्या कुठल्या तरी लागतात.

८ एप्रिल

पहिली तपासणी. त्या आजाराचा एक आकडा असतो, तो उतरत जायला हवा. आमचा आहे तिथेच बसून आहे. डॉक्टर म्हणाले, "अजून लवकर आहे, वाट बघू." मला वाट बघता येत नाही हे त्यांना कसं कळणार? मी दूधसुद्धा उतू जाण्याआधीच उतरवते.

वजनही कमी झालं आहे. म्हणजे चव अजून आलेली नाही, अन्न अंगी लागत नाही. उद्यापासून संध्याकाळीही नीट झणझणीत करते.

२६ एप्रिल

सरांना जेवल्यावर ठसका लागतो. छातीवर हात ठेवून बसतात. "काय होतंय?" तर "काही नाही, तुझा विचार करत होतो." लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला अजून लाजता येतं. मूर्ख मी.

९ मे

आज काही सुचत नाही, तरी लिहिते.

आकडा उतरला नाही. उलट किंचित वर गेला आहे. डॉक्टरांनी या वेळी चष्मा काढून ठेवला नि माझ्याकडे न बघता सरांकडे बघून बोलले. दोन महिन्यांत जिथे यायला हवं होतं तिथे आपण जवळपासही नाही. गोळी चुकते का? मी ताडकन म्हटलं, "एकही चुकलेली नाही, मी रोज डोळ्यांनी बघते." मग म्हणाले, पंधरवड्याने परत रक्त तपासू. तरीही असंच असलं तर ही गोळी बंद करून दुसरी, जास्त जोराची. ती हृदयाला झेपेल की नाही ते बघावं लागेल. नाही तर मग हाडांच्या आतला मगज, म्हणजे बोन मॅरो, बदलायचा. या वयात ते सोपं नाही, असंही म्हणाले.

सरांनी विचारलं, "डॉक्टर, तुम्ही काही खाल्लंत का सकाळपासून? दमलेले दिसता."

घरी आल्यावर मी नणंदबाईंना फोन लावला. तोंडाला येईल ते बोलले. माझ्यामागे तुम्हीच त्यांना ती पावडर चारत असाल, गोळी लागू पडत नाही ती तुमच्यामुळे, भावाच्या जिवावर उठला आहात. पलीकडून आवाज येईना. मला वाटलं फोन कट झाला, पण त्या रडत होत्या. मी फोन ठेवला.

सर दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "तिनं काही दिलेलं नाही मला."

"मग कुणी दिलंय?"

ते गाडी पुसायला गेले.

मला भीती वाटते. लिहायची लाज वाटते, पण वाटते. त्यांच्याशिवायच्या घरात मी कुणाला विचारू, कसं झालंय?

१७ मे

लेक दोन दिवसांसाठी आली आहे. आज सामान आणायला आम्ही दोघी निघालो. ती म्हणाली, "मी चालवते, तू आरामात बस." म्हणून मी सरांच्या सीटवर बसले. इतक्या वर्षांत त्या सीटवर मी कधी बसलेच नव्हते. एक तर ते चालवत असायचे तेव्हा मी मागे, लेकीला मांडीवर घेऊन. नाही तर मी चालवत असायचे तेव्हा ते तिथे.

पाय लांब केले तर तळव्याला तो ब्रेक लागला. सहज खाली बघितलं. रबर झिजून गुळगुळीत, मधोमध तर पत्रा दिसत होता. मी लेकीला म्हटलं, "हे असं कसं? बाबा निवृत्त झाले तेव्हा नवीन बसवलं होतं. त्यानंतर एक विद्यार्थी या गाडीत चढलेला नाही."

लेक माझ्याकडे बघून हसायला लागली. "आई, तुला खरंच माहीत नाही?"

"काय?"

"तू चालवतेस तेव्हा ब्रेक बाबा मारतात. कायम. मला वाटलं, हा तुमच्या दोघांतला खेळ आहे."

मी रागाने खिडकीकडे तोंड केलं, नि काहीतरी चाळा हवा म्हणून दाराच्या खणात हात घातला. सर तिथे फडकं ठेवतात. फडक्याखाली हाताला चुरचुरीत काहीतरी लागलं. ओंजळभर रिकामी पाकिटं निघाली. चघळायच्या गोळ्यांची. पेपरमिंटच्या वासाची. वर एका पोटाचं चित्र, त्यात जाळ, आणि जाळावर पाणी.

ते चित्र कळायला शिक्षण लागत नाही.

मी लेकीला गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. तिने घेतली. मग मी तिथेच रडले. ती विचारत राहिली नि मला सांगताही येईना, की त्या खुर्चीवर बाईंनी विचारलं होतं त्यांना, आणि उत्तर दिलं होतं मी. त्यांनी तोंड उघडलं होतं. मी बघितलं होतं उघडलेलं.

सामान राहिलं. तशाच हॉस्पिटलला गेलो.

गोळ्यावाल्या बाईंनी पाकिटं टेबलावर पसरली. ओरडल्या नाहीत. "कधी घेतात? सकाळच्या गोळीच्या किती वेळानं?"

"लगेच," मी म्हटलं. "नाश्ता झाला की गाडी पुसायला जातात."

त्यांनी डोळे मिटले नि उघडले. म्हणाल्या, "ऐका. ही कॅन्सरची गोळी पोटातल्या आंबटपणात विरघळते. त्यांनी तो आंबटपणाच मारून टाकला, तर गोळी न विरघळता पुढं निघून जाते. तुम्ही रोज दिलीत, त्यांनी रोज गिळली, पण रक्तात पोचली किती ते देवाला ठाऊक."

"म्हणजे माझ्या मिरचीनं—"

"मिरचीनं नाही. न सांगण्यानं," त्या म्हणाल्या. "मीही त्यांना एकट्यांना विचारायला हवं होतं. यापुढं तसंच करणार आहे." मग डॉक्टरांना फोन लावून सगळं सांगितलं. ठरलं ते असं: गोळी बदलायची घाई नाही. आधी हीच गोळी नीट पोटात जाऊ द्यायची. जळजळ फारच झाली तर चघळायची गोळी दुपारी, सकाळच्या गोळीपासून चांगलं दूर, तेही बाईंना सांगून. महिन्याने परत रक्त.

"पण उशीर तर झाला नाही ना?" मी विचारलं.

"ते रक्तच सांगेल," त्या म्हणाल्या. खोटा धीर दिला नाही.

घरी सर दारातच उभे होते. सामान कुठे आहे असं विचारलं. मी पाकिटं त्यांच्या हातात ठेवली.

त्यांनी ती नीट एकावर एक लावली. मग म्हणाले, "तू इतक्या हौसेनं करतेस."

"मग? मरायचं का माझ्या हौसेपायी?"

"मला माहीत नव्हतं गं त्यानं असं होतं. चघळायच्या गोळ्या त्या, पोरंसोरं खातात. मला वाटलं, तुला कळलं तर तू स्वयंपाकघरात पाय ठेवणार नाहीस."

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"कधीपासून झोंबतंय माझं जेवण?"

सरांनी लेकीकडे बघितलं. लेक छताकडे बघत होती. "लग्नापासून," सर म्हणाले.

मी हातातली पिशवी भिरकावली. ती रिकामीच होती म्हणून बरं.

१९ मे

दोन दिवस धड बोलले नाही. उकडलेले बटाटे, दूध-पाव, पातळ सूप. मिरच्यांची बरणी उचलून माळ्यावर टाकली. सर पुढ्यात आलेलं सगळं संपवतात आणि सवयीने "छान" म्हणतात. काल मी ताट समोरून ओढून घेतलं. म्हटलं, "तो शब्द या घरात पुन्हा ऐकू आला तर बघा."

राग त्यांचा येतो, त्याहून जास्त माझा येतो. माणसाला प्रश्न विचारायचा आणि उत्तरही आपणच देऊन टाकायचं, हे मी किती वर्षं करत आले असेन?

२३ मे

नणंदबाईंकडे जाऊन आले. त्यांनी दार उघडलं. मी म्हटलं, "ताई, चुकलं माझं. तुमचा काही दोष नव्हता." सगळं सांगितलं. पावडर मात्र चालणार नाही, हेही सांगितलं. स्वभावाला औषध नसतं.

ऐकून त्या म्हणाल्या, "आई एकदा रश्श्यात मीठ दोनदा घालून बसली होती. आम्ही सगळी पोरं तोंडं वाकडी करून उठलो. हा एकटा बसून जेवला आणि म्हणाला, छान झालंय. संध्याकाळपर्यंत पाणी पीत होता." डोळे पुसून त्यांनी पुढे विचारलं, "तेव्हाच एक ठेवून द्यायला हवी होती. वाचेल ना गं तो?"

मी म्हटलं, माहीत नाही.

२ जून

आज सकाळी गोळी झाल्यावर सर उठले नाहीत. खुर्चीतच बसून राहिले. मी विचारलं, "जळजळतंय?"

सवयीने मान नकारार्थी हलायला लागली. मग थांबली. "हो," म्हणाले. "थोडं."

मी गोळ्यावाल्या बाईंना फोन केला आणि रिसीव्हर सरांच्या हातात दिला. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून ठेवला, म्हणजे मला ऐकू येणार नाही. किती जड गेलं ते माझं मला माहीत.

१८ जून

आकडा उतरला.

डॉक्टरांनी कागद आमच्याकडे फिरवला नि बोट ठेवून दाखवलं. अजून जिथे हवा तिथे नाही, मध्ये वेळ वाया गेलाच आहे, पुढच्या तपासण्या चुकवून चालणार नाही. पण उतरायला लागला आहे. हीच गोळी चालू ठेवायची. बाहेर आल्यावर गोळ्यावाल्या बाई भेटल्या, तर मला त्यांना मिठी मारावीशी वाटली आणि मारली. त्यांचा केसांवरचा चष्मा खाली पडला. काच फुटली नाही, नशीब.

गाडीपाशी आलो तर सर मागचं दार उघडून मागे बसायला लागले.

"मागं का?"

"पुढं बसलो की पाय ऐकत नाही गं."

"पुढंच बसा," मी म्हटलं. "पाय मी बघते."

ते पुढे बसले. मग सीटवर दोन्ही पाय वर घेऊन त्यांनी चक्क मांडी घातली. तो झिजलेला ब्रेक खाली तसाच मोकळा राहिला. मी गाडी सुरू केली.

पहिल्या सिग्नलला आम्ही दोघंही काचेवर आदळता आदळता राहिलो. दुसऱ्याला मागच्या गाडीवाल्याने भोंगा वाजवला तो थांबवीचना. वळणावर तर सरांनी गुडघे दोन्ही हातांनी घट्ट धरले होते, नि त्यांच्या कपाळावर घाम होता. गेल्या कित्येक वर्षांत मी गाडी चालवलीच नव्हती. आज पहिल्यांदा चालवत होते.

घराच्या गल्लीत शिरताना मी विचारलं, "कशी चालवते मी?"

सरांनी श्वास घेतला. मला वाटलं, आता येणार तो शब्द.

"वाईट," सर म्हणाले. "फार वाईट. ब्रेक उशिरा दाबतेस नि एकदम दाबतेस. आधी दाबायचा असतो, हळू." मग पुढे म्हणाले, "आणि कालचं सूप अगदी पाणी होतं."

मी गाडी तिथेच मध्ये उभी केली. हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही, त्यामुळे पुढचं काही दिसत नव्हतं. ओढणीने तोंड पुसलं. सर घाबरून माझ्याकडे बघत होते, की आता हे हिच्या मनाला लागलं म्हणून.

मी चावी फिरवली आणि म्हटलं, "शिकवा."